मदत हवी आहे: जनुक नॉर्मल, तरी प्रथिन जागेवर नाही, हे कसं? (एएलएस)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ मिरजेत असतो, वय ५४. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याला शर्टाचं बटण लावता येईना. मान अवघडली असेल म्हणून दोन महिने शेक आणि मालिश यातच गेले. मग पायातली चप्पल निसटायला लागली, दंडाचे स्नायू आपोआप उडायला लागले. ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी), एमआरआय सगळं झालं आणि एएलएसचं निदान आलं. आपल्याकडे ज्याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात, तेच. यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात.

जनुकांची तपासणीही केली. एसओडी१, सी९ओआरएफ७२, एफयूएस आणि टीएआरडीबीपी, चारही नॉर्मल आली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण डॉक्टर म्हणाले, "जनुक ठीक असलं तरी त्यांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ हे प्रथिन बहुधा जागेवर नसणार." बाहेर रांग मोठी होती, पुढचं विचारता आलं नाही.

माझं बीएस्सी १९९८ चं, तेही केमिस्ट्रीतून. वाचून एवढं कळलं की हे आरएनएला धरून ठेवणारं प्रथिन आहे आणि ते टीएआरडीबीपी याच जनुकापासून बनतं. मग जनुकात चूक नसताना प्रथिन का बिघडावं? आणि पेशी मरते ती त्या प्रथिनाच्या गुठळ्यांमुळे, की ते आपल्या जागी नसल्यामुळे? एके ठिकाणी एक वाचते, दुसरीकडे दुसरं.

शिवाय नातेवाईक रोज काहीतरी पाठवतात. कुणी "१६ कोटींचं इंजेक्शन", कुणी टोफरसेन, कुणी स्टेम सेल. रोज रात्री दादाशी फोनवर बोलते. तो विचारतो आणि मला त्याला खोटं सांगायचं नाहीये. कुणी समजावून सांगेल का?

पेशीवाचक

कृष्णाकाठ, वाचून वाईट वाटलं. माझी पीएचडी याच प्रकारच्या प्रथिनांवर झाली आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दलचं शेवटचं बोलणं तुमच्या न्यूरॉलॉजिस्टांशीच करा. पेशीतलं जमेल तसं सांगतो.

तुमचा पहिला प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. एएलएसच्या सुमारे ९७ टक्के रुग्णांत टीडीपी-४३ केंद्रकातून बाहेर येऊन पेशीद्रवात गोळा झालेलं दिसतं. पण टीएआरडीबीपीमध्ये उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बिघाड, असलेले रुग्ण अगदी थोडे. या गुठळ्या टीडीपी-४३ च्या आहेत हे २००६ साली कळलं, जनुकातली उत्परिवर्तनं २००८ मध्ये सापडली. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत प्रथिनाचा आराखडा ठीक असतो. बिघडते ती त्याच्यावरची देखरेख. हे प्रथिन किती बनवायचं, कुठे ठेवायचं, विरघळलेलं कसं राखायचं, हे पेशी सतत सांभाळत असते.

"किती" हे फार सुंदर पद्धतीने ठरतं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी वाढलं की बॉल वर येतो आणि येणारं पाणी बंद होतं. टीडीपी-४३ स्वतःच्याच संदेशवाहक आरएनएच्या शेपटीला जाऊन चिकटतं. केंद्रकात ते जास्त झालं की त्या आरएनएची कापणी-जोडणी वेगळी होते आणि नवं प्रथिन कमी बनतं. कमी झालं की उत्पादन पुन्हा वाढतं.

आता टाकीला गळती लागली असं समजा. पाणी स्लॅबवर पसरतंय, पण बॉलला टाकीतली पातळीच तेवढी कळते. टाकी रिकामी दिसते म्हणून तो आणखी पाणी सोडतो. टीडीपी-४३ केंद्रकातून निघून पेशीद्रवात अडकलं की असंच होत असावं, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. केंद्रक रिकामं म्हणून उत्पादन वाढतं आणि वाढलेलं प्रथिन बाहेरच्या गोळ्यात जाऊन भर घालतं. पहिली गळती कशाने लागते, यावर अजून वाद आहे.

"कुठे" हा भाग केंद्रकाच्या दारांवरचा. टीडीपी-४३ वर केंद्रकाचा पत्ता लिहिलेला असतो, इम्पोर्टिन प्रथिनं तो वाचून त्याला आत नेतात. तुमच्या तपासणीतल्या एफयूएस जनुकापासून बनणारं प्रथिनही असंच आरएनएला धरणारं, त्याच्या बाबतीत हे काम ट्रान्सपोर्टिन करतं. एफयूएसमधल्या ज्या उत्परिवर्तनांनी हा पत्ताच खोडला जातो, त्यांतल्या काहींमुळे अगदी तरुण वयात एएलएस होतो. म्हणजे जागा चुकणं हे एकटंच किती महाग पडू शकतं, याचा हा थेट पुरावा.

आणि "विरघळलेलं": या प्रथिनांची एक शेपटी लवचीक असते. तिच्यामुळे ती एकत्र येऊन थेंबासारखी होतात. हा रोग नव्हे, नेहमीचं काम आहे. पेशीवर ताण आला की असे थेंब बनतात आणि ताण गेला की विरतात. केंद्रकात आरएनए भरपूर असतो आणि तोच या प्रथिनांना पातळ ठेवतो, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. बाहेर आरएनए त्या मानाने कमी, म्हणून तिथे ती घट्ट व्हायची शक्यता जास्त.

कृष्णाकाठ

बॉलकॉकमुळे पहिल्यांदा नीट कळलं, फार आभार. मग गुठळ्या विरघळवल्या, किंवा हे प्रथिन बनणंच कमी केलं, तर?

पेशीवाचक

इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो. दोन्हींनी नुकसान होतं, पण केंद्रक रिकामं झाल्याने काय होतं हे गेल्या दहा वर्षांत खूप स्पष्ट झालंय, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

जनुकाची आरएनएमध्ये नक्कल होते तेव्हा तिच्यात निरुपयोगी मजकूर पुष्कळ असतो. तो कापून कामाचे तुकडे, म्हणजे एक्झॉन, जोडले जातात. निरुपयोगी मजकुरात काही ओळी हुबेहूब एक्झॉनसारख्या दिसतात. टीडीपी-४३ त्यांच्याजवळच्या यूजी-यूजी अशा (आरएनएच्या अक्षरांच्या) पुनरावृत्तीवर बसून त्या झाकून ठेवतं. ते नसलं की या चोरट्या ओळी मजकुरात शिरतात आणि संदेश अर्धवट राहतो. हे २०१५ मध्ये कळलं.

२०१९ मध्ये यातली एक मोठी बळी सापडली, स्टॅथमिन-२. चेतापेशीचा लांब तंतू वाढायला आणि दुरुस्त व्हायला हे प्रथिन लागतं. कमरेतल्या मज्जारज्जूपासून पावलापर्यंत जाणारा तंतू जवळपास मीटरभर असतो. तुमच्या दादांची चप्पल निसटते, ती याच तंतूंच्या दुबळेपणाने. २०२२ मध्ये यूएनसी१३ए सापडलं. चेतापेशी पुढच्या पेशीला निरोप देते, तिथे ते लागतं. स्टॅथमिन-२ मधली ही चोरटी ओळ उंदरात नसते. उंदरांवर इतकी वर्षं काम करूनही ती दिसली नाही, त्याचं हे एक कारण.

म्हणून टीडीपी-४३ सरसकट कमी करणं घातक. ते वाढवणंही सोपं नाही, प्राण्यांत ते जास्त झालं तरी चेतापेशी मरतात. पेशीने बॉलकॉक ठेवलाय तो उगीच नाही. सध्याचा एक प्रयत्न म्हणजे टीडीपी-४३ ला हात न लावता स्टॅथमिन-२ मधली चोरटी ओळ औषधाने झाकायची. त्याच्या माणसांवरच्या चाचण्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आहेत.

ही कल्पना हवेतली नाही. एसएमए या लहान मुलांच्या आजारात एसएमएन२ जनुकाच्या संदेशावर एचएनआरएनपी-ए१ नावाचं असंच एक आरएनए-बंधक प्रथिन बसतं आणि गरजेचा सातवा एक्झॉन गाळला जातो. नुसिनर्सेन हे औषध त्या जागेवर आधीच जाऊन बसतं, मग एक्झॉन सात संदेशात टिकतो. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १६ कोटींचं म्हणून मदतीची आवाहनं येतात, तेही एसएमएसाठीच, पण ते वेगळं आहे. त्यात एसएमएन१ जनुकच नव्याने दिलं जातं. दादांच्या आजाराशी त्याचा संबंध नाही.

टोफरसेनला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ते फक्त एसओडी१ मध्ये उत्परिवर्तन असलेल्यांसाठी आहे. त्या रुग्णांत सहसा टीडीपी-४३ चा घोटाळाही नसतो, तो वेगळा रस्ता आहे. दादांचं एसओडी१ नॉर्मल आहे, त्यामुळे ते लागू नाही. हे त्यांना सरळ सांगा.

सावलीतली_जाई

माझ्या बाबांना हाच आजार होता, म्हणून दोन गोष्टी लिहिते. स्टेम सेलसाठी आम्ही एका ठिकाणी काही लाख भरले, फरक शून्य. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एएलएससाठी ही मान्य उपचारपद्धती नाही, हे नंतर कळलं. तो पैसा बायपॅप (श्वासाला मदत करणारं यंत्र) आणि रात्रीच्या मदतनीसासाठी हवा होता.

दुसरं, श्वासाची तपासणी आतापासून ठरावीक काळाने करून घ्या. धाप लागेपर्यंत थांबू नका. बाबांना सकाळी डोकं दुखायचं, आम्ही पित्त समजत राहिलो. ते रात्री श्वास अपुरा पडल्यामुळे होतं. गिळताना ठसका लागतो का, तेही बघा आणि वजन लिहून ठेवा. रिलुझोल हे एएलएसचं औषध सुरू असेल तर यकृताच्या रक्ततपासण्या चुकवू नका.

कृष्णाकाठ

जाई, तुमच्याबद्दल वाचून गलबललं. दादा दोनदा म्हणाला होता, सकाळी डोकं जड असतं. मी मनावर घेतलं नव्हतं.

पेशीवाचक, एक शेवटचं. पुतण्या २४ वर्षांचा आहे, त्याची तपासणी करावी का?

पेशीवाचक

सुमारे ९० टक्के रुग्णांच्या घरात दुसऱ्या कुणालाही हा आजार नसतो. तुमच्याकडेही नसेल, तर दादांमध्येच काही सापडलेलं नसताना मुलात शोधायला काही उरत नाही. घरात कुणाला कमी वयात विस्मरण किंवा स्वभावात मोठा बदल झाला होता का, एवढं आठवून डॉक्टरांना सांगा. टीडीपी-४३ एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशातही असंच जागा सोडतं, म्हणून विचारतोय.

कृष्णाकाठ

तसं कुणी आठवत नाही, आत्याला विचारून बघते. दादाला आज फोनवर बॉलकॉकचं सांगितलं. त्याने घरची टाकी स्वतः बसवली होती, लगेच समजला. म्हणाला, "म्हणजे माझ्या हातून काही चुकलं नव्हतं." मी म्हणाले, "नाहीच."

गुरुवारची अपॉइंटमेंट मिळालीय. स्पायरोमेट्री (श्वासाची तपासणी) आणि सकाळची डोकेदुखी, दोन्ही कागदावर लिहून ठेवलंय.