रात्रपाळीत जेवायला सुट्टी नाही, पगारातून मात्र तासभर कापतात. काय करता येईल?

नमस्कार मंडळी. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मेल मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव कृपया विचारू नका, नोकरी टिकवायची आहे.

पाळ्या बहुतेक ठिकाणी असतात तशाच: सकाळ 8 ते 2, दुपार 2 ते 8, रात्र 8 ते 8. मध्यंतरी एचआरने हजेरीचं नवं सॉफ्टवेअर आणलं आणि पगाराच्या स्लिपवर प्रत्येक नाइटचे तास बाराऐवजी अकरा दिसायला लागले. विचारलं तर म्हणे, मील ब्रेक पेड नसतो, पॉलिसीच आहे तशी. असेल बाई पॉलिसी. पण मग तो तास द्या की!

वॉर्ड 32 खाटांचा. रात्री आम्ही दोघी, त्यातली एक बहुतेक वेळा नुकतीच लागलेली. एक मावशी, आणि एक वॉर्डबॉय दोन मजल्यांना मिळून. टेकओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटचा चार्ज घेणं, संपेपर्यंत नऊ वाजतात. मग दहाची औषधं, अँटिबायोटिक, शुगर, ज्याची सलाइन आऊट झाली त्याला नवी लाइन. मध्येच कॅज्युअल्टीतून अ‍ॅडमिशन, ते नेमकं साडेबाराच्या पुढे. पाचपासून ब्लड कलेक्शन, स्पंजिंग, इनटेक-आउटपुटची बेरीज, सहाची औषधं, आणि या सगळ्याचं लिखाण. डबा मेडिसिन रूममध्ये उभ्यानेच खायचा, पोळीची गुंडाळी करून. तीही बेल वाजली की तशीच ट्रेवर ठेवायची.

उपाशी राहण्याचं मला तेवढं नाही हो, सवय झाली. पण एक सिस्टर खरंच अर्धा तास खाली कँटीनला गेली तर दुसरीकडे 32 पेशंट. मागे एका रात्री सोबतची सिस्टर पेशंट घेऊन सीटीला गेलेली. इकडे एका आजोबांनी कॅन्युला (सलाइनची शिरेतली नळी) ओढून काढली, चादर रक्ताने भरली, आणि त्याच वेळी टोकाच्या बेडचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, खाली यायला लागलं. आरएमओ (ड्यूटीवरचे डॉक्टर) आयसीयूत. आयसीयूत माणूस कमी पडलं की आमच्यातलीच एक तिकडे ओढतात, हा आणखी वेगळा ताप. त्या रात्री निभावलं. सकाळी इन्चार्जना सांगितलं तर त्या म्हणाल्या, झालं ना सगळं नीट, मग?

मला विचारायचंय ते असं. जो ब्रेक मिळतच नाही त्याचे पैसे कापणं कायद्यात बसतं का? वॉर्डात किती सिस्टर हव्यात यावर काही बंधन आहे का? आणि तक्रार करायची तर कुठे, की अनुभवाचा दाखला अडकणार नाही? ओरिजिनल सर्टिफिकेटं एचआरच्या कपाटात आहेत आणि काँट्रॅक्ट दरवर्षी रिन्यू होतं. यूट्यूबवरचे वकील नकोत, कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद: बांद्रा_ईस्ट

ताई, आधी एक गाठ सोडवू. विश्रांतीचा वेळ कामाच्या तासांत न धरणं बेकायदा नाही. तो न देता कापणं चूक आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हॉस्पिटलंही येतात. सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा, त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम, असं मूळ कायद्यात आहे. 2025 च्या दुरुस्तीत दिवसाचे नऊ तास दहा झाले, तेव्हा अर्ज लिहिताना चालू मजकूर समोर ठेवा.

आता गंमत बघा. हॉस्पिटल स्वतःच स्लिपवर अकरा तास काम लिहून देतंय, म्हणजे दहाच्या वरचा तास त्यांच्याच कागदावर आहे. त्या तासाचा दुप्पट दर मिळतो का, हे पहिलं विचारा. त्या स्लिपा जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं रोस्टरही.

सुप्रीम कोर्टाच्या 1978 च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालापासून हॉस्पिटल हा ‘उद्योग’ धरला गेलाय, त्यामुळे कामगार कायद्याची वाट नर्सला बंद नाही. बीकेसीत कामगार भवन आहे, तिथे कामगार आयुक्तांचं ऑफिस. पण एकटीने जाऊ नका. पाच-सात जणींच्या सह्या असल्या की एकीला वेगळं काढून त्रास देणं अवघड होतं.

प्रतिसाद: परळची_सिस्टर

मी महापालिकेच्या हॉस्पिटलातून रिटायर झाले. आमच्याकडेही रात्री जमिनीवर गाद्या घालून पेशंट असायचे, त्यामुळे सरकारीत स्वर्ग होता असं काही मी म्हणणार नाही. पण एक सांगते. तोंडी सांगितलेलं सकाळी आठ वाजता हवेत जातं. नाइटच्या रिपोर्टमध्ये रोज लिही: पेशंट किती, व्हेंटिलेटर किंवा बायपॅपवर (श्वासाला मदत करणाऱ्या मास्कच्या मशीनवर) कुणी आहे का, सिस्टर किती, कुणाला किती वाजता दुसरीकडे पाठवलं आणि कुणाच्या सांगण्यावरून. खाली ‘रिलीव्हर (बदली सिस्टर) नसल्याने जेवणाची सुट्टी घेता आली नाही’ एवढं एकच वाक्य. रागाचा एक शब्दही नको. त्या आजोबांच्या कॅन्युलाचा इन्सिडेंट रिपोर्ट भरलास का? उद्या काही बरंवाईट झालं तर चौकशीत नाव तुझं येईल, रोस्टर लावणाऱ्याचं नाही. पेशंटच्या फाइलचे फोटो मात्र मोबाइलवर अजिबात काढू नकोस, ते उलटतं.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष जनरल वॉर्डला पाच पेशंटमागे एक सिस्टर, टीचिंग हॉस्पिटलला तीनमागे एक, वर रजेसाठी 30 टक्के राखीव. हा आकडा सगळ्या पाळ्या मिळून असतो, एका पाळीचा नाही; तुमच्याकडे रात्री सोळामागे एक.

प्रतिसाद: प्रशासनातला_एक

दुसरी बाजूही ऐका. जाहिरात दिली तरी माणसं टिकत नाहीत. दोन वर्षांचा अनुभव झाला की मुली आखातात नाहीतर इंग्लंडला जातात. मॅनेजमेंट मुद्दाम कमी ठेवतं असं नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

साहेब, माणसं का टिकत नाहीत ते वरच लिहिलंय. आणि माणूस नाही म्हणून ब्रेक देता येत नसेल तर निदान तासाचे पैसे तरी कापू नका, त्याला कुठल्या भरतीची गरज आहे?

परळच्या सिस्टर, इन्सिडेंट फॉर्म भरला होता. क्वालिटीवाल्या मॅडमनी ‘स्टाफ कमी’ हे खोडून ‘पेशंट रेस्टलेस’ लिहायला लावलं.

प्रतिसाद: बांद्रा_ईस्ट

मग आता फॉर्मसोबत ईमेलही पाठवा, त्याला तारीख-वेळ असते आणि ते खोडता येत नाही.

निकषांबद्दल: कौन्सिलचे आकडे आहेत, पण त्यावर थेट दंड होईल या भरवशावर राहू नका. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने खाजगी नर्सेसच्या पगार-सुविधांसाठी समिती नेमायला सांगितली होती. 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, 50 पेक्षा कमी असतील तरी किमान 20,000 आणि कामाचे तास, रजा वगैरे सरकारीप्रमाणे, अशा तिच्या शिफारशी. शिफारशीच त्या, पण अर्जात उल्लेख केलात तर वजन येतं.

मुंबईत नर्सिंग होमची नोंदणी पालिकेकडे असते. तुमच्या वॉर्ड ऑफिसात आरोग्य अधिकारी बसतात, स्टाफिंगची तक्रार त्यांच्याकडे. तासांची आणि सुट्टीची दुकाने व आस्थापना खात्याकडे, तेही पालिकेचंच. दोन अर्ज वेगळे करा, एकात कालवू नका. पण आधी एचआरला लेखी पत्र आणि पोच. सर्टिफिकेटं त्याच्याही आधी, बँकेच्या कामाला हवीत म्हणून मागून घ्या.

प्रतिसाद: धागाकर्ती

सर्टिफिकेटं उद्याच मागते. सह्यांना चौघी तयार आहेत, दोघी लग्नाचं कर्ज फिटेपर्यंत नको म्हणतात, त्यांना मी आग्रह करणार नाही. एचआरच्या पत्रात ‘कापलेला तास परत द्या’ आणि ‘रात्री रिलीव्हर द्या’ या दोन्ही मागण्या एकत्र लिहू की आधी फक्त पैशाची? इन्चार्ज म्हणतात रिलीव्हरचा विषय काढलास तर मेट्रन (सगळ्या नर्सेसच्या प्रमुख) चिडतील. कुणाकडे अशा पत्राचा मराठी मसुदा असेल तर इथेच टाका, बाकीच्या सिस्टरांनाही उपयोगी पडेल.