कोरोनानंतर आपल्या कोल्हापूरकडच्या पोरापोरींचं फिरणं बदललंय का?

पाचगावकर_९७
मंडळी, एक विचारायचं होतं. २०२० च्या आधी आमच्या ग्रुपचं फिरणं म्हणजे वर्षातनं एक मोठी ट्रिप, गोवा नाहीतर मालवण, कितीतरी आधीपासनं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघायचा, पैशावरनं चर्चा, तारखा जुळेनात आणि शेवटी निम्म्या वेळा कॅन्सलच. आता शुक्रवारी रात्री रंकाळ्यावर बसल्यावर कोणतरी म्हणतं जाऊया की, आणि शनिवारी उजाडायच्या आत गाड्या गगनबावड्याच्या रस्त्याला. लांब जात नाहीत असं नाही पण जवळचं आणि सारखं सारखं फिरणं लई वाढलंय. आणि गाडी स्वतःची पाहिजे, एसटी म्हटलं की निम्मे गळतात. मला वाटतं ही सवय त्याच दिवसांतली आहे, शेजारी कोण बसलंय याची भीती वाटायची ना. तुमच्याकडं पण असंच आहे का, की हे फक्त आमच्यापुरतं?

सह्याद्री_एक्सप्रेस
भीती कधीच गेली रे, आता कोण घाबरतंय. माझं म्हणणं वर्क फ्रॉम होमनं जास्त फरक पडला. मी पुण्यात आयटीत, लॉकडाऊन लागल्यावर घरी आलो आणि पुढं दोन वर्षं कोल्हापुरातनंच काम केलं. खरं सांगतो, तोपर्यंत पन्हाळा सोडून आपला जिल्हा मी बघितलाच नव्हता, मसाई पठार पन्हाळ्याच्या इतकं जवळ आहे हे पण तेव्हाच कळलं. बाहेर जायची सोय नव्हती, कर्नाटकात शिरायचं तर २०२१ मध्ये हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याला आरटीपीसीआर रिपोर्ट मागायचे, मग जायचं कुठं? बर्की, राऊतवाडी, दाजीपूर. ती गोडी लागली ती लागलीच. आता हायब्रिड आहे त्यामुळं गुरुवारी रात्री निघतो, शुक्रवार घरनं काम आणि पुढचे दोन दिवस आपले. फक्त रेल्वेचं दुखणं राहिलं, मुंबईला जाणारी सह्याद्री एक्सप्रेस २०२० ला बंद पडली ती कितीतरी वर्षांनी परत आली आणि ती पण पुण्यापर्यंतच. स्वतःची गाडी घेण्यामागं भीतीपेक्षा हे कारण मोठं आहे बघ.

ट्रॅव्हलर_वाला
मी गाड्या लावतो, माझ्या बाजूनं सांगतो. आधी डिसेंबर-जानेवारी म्हणजे कॉलेजच्या सहली, सतरा सीटर एक दिवस मोकळी नसायची. मार्च २०२० नंतर गाड्या जाग्यावर, हप्ते मात्र चालू, एक गाडी विकावी लागली. ज्यांनी त्या उन्हाळ्याचे ॲडव्हान्स दिलेले त्यांना परत देताना काय अवस्था झाली ते माझं मला माहीत, कारण पुढं हॉटेलवाल्यानं आमचे दिलेच नाहीत. त्यामुळं आता पोरं फोन केल्या केल्या पहिला प्रश्न विचारतात, दादा कॅन्सल झालं तर पैसे किती परत? आधी हे कोण विचारत नव्हतं आणि विचारतात ते बरोबरच आहे. ग्रुप पण लहान झालेत, चौघं-पाच जण, एक एर्टिगा बास. आणि बुकिंग दोन दिवस आधी. महिनाभर आधीचं बुकिंग आता फक्त लग्नाचं आणि तिरुपतीचं येतं.

मंगळवारपेठ_मुलगी
सगळ्यांनी गाडी आणि नोकरीचं सांगितलं, मला वेगळंच वाटतं. जून-जुलै २०२१ आठवतोय का, बाकी राज्यात रुग्ण कमी होत होते आणि आपल्याकडं आकडे उतरायचं नाव घेत नव्हते, त्यात महापूर आला. माझे बाबा त्या जूनमध्ये गेले. रिटायर झाल्यावर आईला घेऊन हिमाचलला जायचं त्यांचं ठरलेलं, कपाटात नकाशा घडी घालून ठेवलेला, त्यावर पेननं खुणा केलेल्या. आमच्या घरात तेव्हापासनं "नंतर जाऊ" असं कोणी म्हणत नाही. मी मैत्रिणींबरोबर आंबोलीला जायचं म्हटलं तरी आधी आई नको म्हणायची, आता तीच म्हणते जाऊन ये, पोचल्यावर फोन कर. आणि गेल्या वर्षी तिला घेऊन मी मनालीला गेले. माझ्या वयाच्या कितीतरी पोरींचं असंच झालंय, घरचं कोणीतरी गेलंय त्यानंतर त्या बाहेर पडायला लागल्यात. हे रीलमध्ये दिसत नाही म्हणून लिहिलं.

राधानगरी_साईड
ताई, वाचून थांबलो जरा. आईंना नमस्कार सांगा.
मी राधानगरी धरणाच्या वरच्या अंगाचा, आमच्याकडं काय झालं ते पण लिहितो. तुम्ही सगळी यायला लागला हे चांगलंच हाय, आमच्या आळीत दोन घरांनी होमस्टे काढला, बायका भाकरी-पिठलं करून देत्यात, चार पैसं हातात येतात. मुंबईला कामाला हुती ती पोरं लॉकडाऊनला गावी आली त्यातली काही आता हितंच गाईडचं काम करत्यात. पण काजव्यांचं बघवत नाही हो. मेच्या शेवटाला, वळवाचा पाऊस पडून गेला की झाडच्या झाड लुकलुकतं, ते काय आपल्यासाठी नसतंय, नर-मादी एकमेकाला खूण करत असतात. तिथं शंभर फुटांवर कारचं हेडलाईट चालू, वर मोबाईलचं फ्लॅश. उजेड पडला की ते विझतंच, आणि रोज रात्री तसंच झालं तर जोड्या जुळणार कवा आणि अंडी घालणार कवा? आधी येणारी माणसं थोडी हुती, खपून जायचं.

पाचगावकर_९७
दादा हे खरंच माहीत नव्हतं. आम्ही या मेमध्ये यायचं म्हणतोय. गाडी कुठं लावायची आणि टॉर्च लागलाच तर काय करायचं?

राधानगरी_साईड
गाडी गावातच लावा, पुढं चालत या, वाटेला कोणतरी देतो बरोबर. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर गुंडाळा आणि जमिनीकडं धरा, झाडावर मारू नका. शनिवार सोडून आलात तर लई बरं.

मंगळवारपेठ_मुलगी
शनिवार सोडून म्हणजे मग बुधवारी निघूया का? मी आणि आई पण येतो. ट्रॅव्हलरवाले दादा, बुधवारी एर्टिगा मोकळी आहे का बघा.