बेचाळीस पिढ्या : मोजायच्या कशा?

परळकर : काल दादरला गाडीच्या दारात धक्काबुक्की झाली आणि एकाने दुसऱ्याच्या बेचाळीस पिढ्यांचा उद्धार केला. हा आकडा आला कुठून? आणि इतक्या लांबच्या माणसाचं आपल्यात काही उरतं तरी का?

गिरगावची : वडिलांकडच्या एकवीस आणि आईकडच्या एकवीस, असं सांगतात. ‘उद्धार’ म्हणजे खरं तर तारणं. कीर्तनात अजून तोच अर्थ चालतो, गाडीच्या दारात शिवी होते.

परळकर : म्हणजे बेचाळीस माणसं?

पार्लेकर : छे! बेचाळीस होतात ते फक्त दोन सरळ ओळी धरल्या तर. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ, असं दुपटीने चढत गेलं तर एकविसाव्या पायरीवर २० लाख ९७ हजार १५२ जागा होतात. माणसं मात्र तेवढी नसतात. नात्यात लग्नं होत आली, त्यामुळे एकच पूर्वज चार-चार जागा अडवून बसतो.

उरतं का, याचं उत्तर मजेशीर आहे. आईकडून निम्मा डीएनए येतो, वडिलांकडून निम्मा. पण आजोबांचा पाव वाटा ही सरासरी झाली, प्रत्यक्षात कमीजास्त असतो. कारण डीएनए मोठमोठ्या तुकड्यांनी उतरतो आणि दर पिढीत हे तुकडे मोजक्याच ठिकाणी तुटतात. दहा पिढ्या मागे जागा १०२४, तर तुकडे सहाशेच्या आसपास. तेव्हा त्यातल्या जवळपास निम्म्या पूर्वजांचा आपल्यात एकही तुकडा नसतो. एकविसाव्या पिढीत तर वीस लाख जागांना हजार-दीड हजार तुकडे! म्हणून मी ‘वंशावळीतला पूर्वज’ आणि ‘जनुकीय पूर्वज’ असे दोन शब्द वेगळे वापरतो. वर्तमानपत्रं सर्रास एकच करून टाकतात.

परळकर : मग गोत्राचं काय?

पार्लेकर : गोत्र वाय गुणसूत्रासारखं, बापाकडून मुलाकडे. त्या वीस लाखांतली एकच जागा.

गिरगावची : ‘सपिंड’ राहिला की, म्हणजे ज्यात लग्न वर्ज्य मानतात ते जवळचं नातं. पिंड म्हणजे काय यावरच जुना वाद आहे. मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या आपल्या टीकेत, विज्ञानेश्वर पिंडाचा अर्थ देह घेतो : एका देहाचे अंश ज्यांच्यात उतरले ते सपिंड. दायभाग या वारसाहक्कावरच्या ग्रंथात जीमूतवाहन श्राद्धातला भाताचा पिंड धरतो. लग्न वर्ज्य असण्याची मर्यादा स्मृतींत वडिलांकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या; १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने ती पाच आणि तीनवर आणली. मोजताना स्वतःला पहिलं धरायचं. म्हणजे सात पिढ्या म्हणजे वर सहाच पायऱ्या. तिथे ६४ जण, प्रत्येकाचा वाटा सरासरी दीड टक्का.

पार्लेकर : आणि त्या ६४ पैकी जवळजवळ प्रत्येकाचा काही ना काही तुकडा आपल्यात असतो! विज्ञानेश्वराचा अर्थ तिथवर तरी चपखल बसतो.

गिरगावची : बसतो, पण त्याला डीएनए ठाऊक होता असं आता कुणी सुरू करू नका.

परळकर : एक उपप्रश्न. आईचे आईवडील राहतात ते आजोळ. त्याच्या मागे शब्द संपतो का?

गिरगावची : नाही, पणजोळ आहे. आईचं आजोळ ते आपलं पणजोळ. हल्ली विचारतं कोण!