"आजची पोरं चार कामं एकदम करतात" म्हणणाऱ्या पालकांना उत्तर

गोदाकाठचा_मास्तर
परवा एका गृहस्थांनी इथे लिहिलं की आजच्या मुलांचा मेंदूच वेगळा आहे, ती लेक्चर ऐकता ऐकता मेसेजला उत्तर देतात आणि नोट्सही घेतात, त्यामुळे मोबाईल जमा करून घेणारे क्लासवाले मागासलेले. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

अहो, मेंदू दोन्ही कामं एकदम करत नाही, तो इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत काहीतरी निसटतं. काय निसटतं ते मला वह्या तपासताना दिसतं. नववीच्या एका मुलाच्या वहीत ओहमचा नियम असा आहे: "विद्युतधारा विभवांतराच्या समप्रमाणात असते, जर". पुढे कोरं. खालच्या ओळीत थेट एकसर जोडणी सुरू. वाहकाची भौतिक अवस्था कायम असली पाहिजे ही अट गेली, आणि पेपरात प्रश्न नेमका तिथेच येतो. पोरगा हुशार आहे, आळशी अजिबात नाही. मांडीवरचा मोबाईल थरथरला, एवढंच.

आणि नुकसान त्याच्या एकट्याचं नाही. कॅनडात २०१३ साली एक प्रयोग छापून आला, लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर दुसरी कामं करणाऱ्यांना चाचणीत ११ टक्के कमी पडले. ठीक, त्यांची करणी. पण ज्यांना शेजारच्याचा तो स्क्रीन नुसता दिसत होता आणि जे बिचारे कागदावर पेनाने लिहीत होते, त्यांना १७ टक्के कमी. म्हणजे तुमच्या मुलाचं स्वातंत्र्य शेजारच्या मुलीच्या मार्कांतून वसूल होतंय.

निफाडचा_पोरगा
सर तुमचा राग समजतो पण मोबाईल चालू ठेवणारा प्रत्येक जण रील बघत नसतो. मी इंजिनिअरिंगला आहे, रोज गावाकडून येऊन जाऊन करतो. द्राक्षाच्या छाटणीनंतर पाऊस झाला की घरून फोन येतोच, वेलींवर डाऊनी रोग दिसतोय, येताना औषध घेऊन ये, दुकान बंद व्हायच्या आत. तो फोन मी नाही घेतला तर दुसऱ्या दिवशी सकाळची फवारणी चुकते, आणि बाग हातची गेली तर माझी फी कोण भरणार? मल्टिटास्किंग आमच्याकडे हौस म्हणून करत नाहीत.

सिडकोची_आई
अगदी बरोबर बोललास रे. आणि सर, लॅपटॉपला सरसकट नावं ठेवू नका. माझी मुलगी टाईप करते म्हणून तिचं काही सुटत नाही, हाताने तेवढा स्पीड येतच नाही.

गोदाकाठचा_मास्तर
ताई, काही सुटत नाही हीच तर अडचण आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या म्युलर आणि ओपनहायमर यांनी हेच तपासलं, इंटरनेट बंद ठेवून. टाईप करणारी मुलं शब्दन् शब्द उतरवत गेली, तसं करू नका सांगितलं तरी तेच, आणि समजून उत्तर लिहायच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे. हात हळू चालतो म्हणून काय गाळायचं ते डोक्याला ठरवावं लागतं. ते ठरवणं म्हणजेच शिकणं.

निफाडचा_पोरगा
अर्धंच सांगताय सर. तोच प्रयोग दुसऱ्या टीमने पुन्हा केला, २०२१ ला छापून आला. टाईप करणाऱ्यांनी जास्त शब्द उतरवले हे खरं निघालं, पण चाचणीत तसा फरक सापडला नाही.

गोदाकाठचा_मास्तर
ते मान्य. पेन विरुद्ध कीबोर्ड हा वाद अजून मिटलेला नाही. पण दुसऱ्या कामांचा आणि शेजारच्या स्क्रीनचा मुद्दा त्याने खोडला जात नाही.

जेलरोडवाला
मुळात नोट्स घेतं कोण राव आता? माझ्या धाकट्याच्या क्लासमध्ये सर पीपीटी वाचून दाखवतात आणि संध्याकाळी तीच पीपीटी पीडीएफ करून ग्रुपवर टाकतात, मग पोरगं वर्गात का लिहील, आणि का ऐकेल? आमच्या वेळी निदान झेरॉक्सच्या दुकानात रांग लावायला लागायची. फी लाखाच्या घरात आणि वर मुलांचंच लक्ष नाही म्हणून ओरड.

चॉक_डस्टर
मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते. पीडीएफ टाकली नाही की पालकच दुसऱ्या दिवशी हजर, "शेजारच्या क्लासवाले देतात, तुम्ही का नाही?" मागणी तुमची आणि शिव्या आम्हाला?

जेलरोडवाला
मॅडम शिव्या कुणी दिल्या? तुम्ही तयार मालच देताय तर पोरं मोबाईलमध्ये घुसणारच. डिक्टेशन द्यायचं, नाहीतर पीडीएफ टाकायची, याला शिकवणं म्हणत नाहीत.

चॉक_डस्टर
एकदा या वर्गात उभे राहायला. ऐंशी मुलं, पाऊण तास, त्यात हजेरी, आणि बोर्डाचा पोर्शन जानेवारीत संपवायचा. मी फळ्यावर लिहिते तर खाली वह्याच नाहीत, सगळे मोबाईल वर करून फळ्याचा फोटो काढतात. तो फोटो पुन्हा कुणी उघडत नाही. मी विचारून पाहिलंय. रागाने नाही सांगत, फार वाईट वाटतं.

सिडकोची_आई
फोटो माझी मुलगी पण काढते. खरं सांगायचं तर गॅलरीत पडूनच असतात ते.

निफाडचा_पोरगा
मॅडमचं बरोबर आहे पण जेलरोडवाल्या काकांचंही खोटं नाही. जे सर फळ्यावर आकृती काढत काढत शिकवतात त्यांच्या तासाला मी फोन बघत नाही, बघावासाच वाटत नाही. पीपीटीच्या तासाला हात आपोआप खिशात जातो.

गोदाकाठचा_मास्तर
तुझ्या घरच्या फोनचं मी नाकारत नाही. माझ्याकडे शेतकऱ्यांची मुलं आहेत, त्यांना सांगेन की फोन माझ्या टेबलावर ठेवा, घरून आला तर मी स्वतः आवाज देईन, बाहेर जाऊन बोला. लॅपटॉपवाले शेवटच्या बाकावर, म्हणजे त्यांच्या मागे कुणी नसेल. यापेक्षा जास्त मी सोडणार नाही.

निफाडचा_पोरगा
शेवटच्या बाकावरून फळा दिसत नाही सर, पण चालेल. टेबलाचंही चालेल. फक्त तुम्ही पीडीएफ टाकणार की नाही ते सांगा.

गोदाकाठचा_मास्तर
तासाला नाही. धडा संपल्यावर, आणि ज्याची वही पूर्ण असेल त्यालाच.

जेलरोडवाला
आणि जो आजारी होता त्याने काय करायचं?

चॉक_डस्टर
मित्राची वही मागायची. लिहून काढायची.