अण्णांचे माग विकायला हात धजत नाही

प्रश्न

नमस्कार. मी सोलापूरचा, अशोक चौकाजवळ राहतो. घराच्या खालच्या मजल्यावर आमच्या अण्णांचे ४ जॅकार्ड माग आहेत, चादरीचे, भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणारे. अण्णांना जाऊन ६ वर्षं झाली, माग त्याआधीच थांबले होते. आता एकाने गोदामासाठी जागा भाड्याने मागितलीय. त्यात मुलीची इंजिनिअरिंगची फी निघते. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला, तेव्हापासून मला झोप नाही.

रोज सकाळी मी खाली जातो, धूळ झटकतो, तेल देतो. कोपऱ्यात मोराच्या डिझाइनच्या कार्डांची माळ टांगलीय. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड लागतं. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एका मोराला अशी शेकडो कार्डं. एक कार्ड फाटलं होतं, तिथे अण्णांनी लग्नपत्रिकेचा तुकडा खळीने चिकटवून नवं भोक पाडलंय. पत्रिका माझ्याच लग्नाची. त्यावरचं ‘चि.’ अजून वाचता येतं. हे किलोवर कसं घालू?

बायको म्हणते, तुम्ही जेवायला वर येता, पण जीव खालीच असतो. खरं आहे तिचं. यातून कुणी गेलंय का?

उत्तर १

दादा, माझे आजोबा १८७७ च्या जुन्या मिलमध्ये, वडील दुसऱ्या मिलमध्ये. वडिलांची मिल बंद पडली, तरी ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आईला डबा भरायला लावायचे आणि सिद्धेश्वर तळ्यावर जाऊन बसायचे. कित्येक वर्षं. फार प्रेमळ होते, पण मी दहावी कधी झाले हे त्यांना सांगता आलं नसतं. फीचं राहू द्या. तुमची मुलगी तुमच्याशी काय बोलते?

उत्तर २

भंगारात घालू नका ओ! अक्कलकोट रोड एमआयडीसीत विचारा, चालू कारखान्यांना सुटे भाग लागतात. पैसे थोडेच जास्त येतील, पण लोखंड वितळणार नाही. मी माझे २ माग असेच दिले. फक्त उचलायच्या दिवशी तुम्ही तिथं थांबा. मी मुद्दाम पंढरपूरला निघून गेलो होतो, ते अजून टोचतं.

प्रश्नकर्ता

ताई, तुमचा प्रश्न लागला मनाला. लेक १९ वर्षांची आहे, आणि मला उत्तर देता येईना. काल रात्री तिला खाली नेलं. कार्ड दिव्यासमोर धरून म्हणाली, “बाबा, भोक आहे किंवा नाही, हे तर आमचं शून्य आणि एकच की!” कॉम्प्युटर शिकते ती. मग तासभर पायरीवर बसलो. अण्णांचं थोडंच निघालं, बाकी सगळं तिच्या कॉलेजचं. तिला एक विषय अवघड जातोय, हे मला कालच कळलं.

दादा, एमआयडीसीत बोलणं झालंय. सोमवारी टेम्पो येतोय. मोराची माळ वर नेणार. मी रजा टाकलीय, लेकही थांबते म्हणाली.