ड्रॅगन बॉल झी आज बघवते का?

शिळोपा
शाळेत असताना कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पाहिलेली ड्रॅगन बॉल झी ही जपानी कार्टून मालिका मूळ जपानी आवाजात पहिल्यापासून पुन्हा बघून संपवली. १९८९ ते १९९६, एकूण २९१ भाग. माझं मत पक्कं झालंय: ही मालिका आज बघवत नाही.

रटाळपणाबद्दल सगळेच बोलतात. खलनायक फ्रीझा नामेक ग्रहाच्या गाभ्यावर घाव घालतो, पाच मिनिटांत ग्रह फुटेल म्हणतो, आणि ती पाच मिनिटं जवळपास दहा भाग पुरतात. तो आणि नायक गोकू दातओठ खातात, दगड हवेत तरंगतात, भाग संपतो. तेही चालवून घेतलं असतं. मला खुपतं ते बायकांचं. आधीच्या ‘ड्रॅगन बॉल’ मालिकेत ची-ची, म्हणजे गोकूची पुढे झालेली बायको, भर स्पर्धेत गोकूसमोर लढायला उभी राहिली होती. झीमध्ये तिला दोनच कामं, किंचाळणं आणि चक्कर येऊन पडणं. जिने जादूचे ड्रॅगन बॉल शोधणारं ड्रॅगन रडार बनवलं ती बुल्मा नामेकवर बहुतेक वेळ लपून बसलेली. गोकूचा म्हातारा गुरू कामे-सेन्निन पोरींच्या अंगचटीला जातो आणि आपण हसावं अशी अपेक्षा.

नामेकवासी
सपशेल असहमत. लेखक-चित्रकार अकिरा तोरियामांची मूळ चित्रकथा तेव्हा दर आठवड्याला छापून येत होती, पंधराएक पानं. मालिकाही दर आठवड्याला, आणि चित्रकथेच्या पाठोपाठ. ताणायचं नाही तर मालिका बंद ठेवायची, दुसरा मार्गच नव्हता. शिवाय त्या ताणण्यातून ताकद येते. जिवलग मित्र क्रिलिनचे डोळ्यांदेखत तुकडे होतात आणि गोकूचे केस सोनेरी होतात, त्या क्षणाला काटा येतो तो आधी इतकं थांबायला लावल्यामुळे.

खडूफळा
मग मालिका बनवणाऱ्या खुद्द तोएई कंपनीनेच ती का कापली? २००९च्या ‘ड्रॅगन बॉल काई’ या काटछाट केलेल्या आवृत्तीत सेल या खलनायकाचा शेवट शंभराच्या आत येतो, झीला त्यासाठी १९४ भाग लागले होते. गोष्ट तीच. कात्री लावून ती सुधारते याचा अर्थ मधलं पाणी होतं.

काठावरची
सगळं पाणी नव्हतं हो. गोकू आणि त्याचा एकेकाळचा शत्रू पिकोलो गाडी चालवायला शिकतात तो भाग आठवा. ची-चीने दोघांना लायसन्स काढायला पिटाळलंय. पिकोलोच्या डोक्यावर टोपी, अंगात ‘पोस्टबॉय’ लिहिलेला शर्ट, स्टिअरिंगमागे आखडून बसलेला. ग्रह फोडू शकणारे दोघं परीक्षेत नापास होतात! चित्रकथेत हे नाही, काईमध्येही नाही. लढाईच्या पलीकडे ही माणसं जगतात कशी हे अशाच भागांतून कळतं.

उत्तररात्र
ची-चीबद्दल धागाकर्त्याशी असहमत. ती लेखकाने मुद्दाम त्रासदायक केलेली नाही, ती बरोबर आहे आणि मालिकेलाही ते ठाऊक आहे. तिच्या चार वर्षांच्या मुलाला, गोहानला, पिकोलो रानात एकटं सोडतो, पुढच्याच वर्षी पोर नामेकवर. सेलच्या वेळी तर बाप स्वतः मुलाला पुढे करतो आणि वर सेलला सेन्झूचा जादूई दाणा देऊन ताजातवाना करतो. तेव्हा पिकोलो गोकूला तोंडावर सुनावतो: गोहान लढायचा विचार करत नाहीये, मार खाताना बाबा मदतीला का येत नाहीत हे त्याला कळत नाहीये. नायकाला इतकं उघड चुकीचं ठरवणारी मालिका तुम्ही शिळी म्हणता?

शिळोपा
उत्तररात्र, तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पिकोलो जे बोलला तेच ची-ची पहिल्या दिवसापासून बोलत होती. पोर लहान आहे, त्याला लढाई नकोय, त्याला पुस्तकं हवीत. ती बोलली की चेहरा विद्रूप काढायचा, आवाज कर्कश करायचा, गोकूने डोकं खाजवायचं. तेच पिकोलो बोलला की सगळे स्तब्ध. आणि शेवटी गोहान होतो कोण? अभ्यासकच! आईचं म्हणणं खरं ठरलं, पण तिला तसं एकदाही कोणी सांगत नाही. लहानपणी आम्ही सगळे तिच्यावर चिडायचो, कारण मालिकेने आम्हाला चिडायला शिकवलं. याचा मला आज राग येतो.

नामेकवासी
१९८९च्या पोरांच्या साप्ताहिकातल्या गोष्टीकडून आजच्या अपेक्षा कशा ठेवता?

काठावरची
आजच्या कशा? व्हिडेल ही मुलगी आणि धिप्पाड स्पोपोविच यांचा सामना मी लहानपणी पाहिला तेव्हाही पोटात गोळा आला होता. हरलेल्या मुलीला इतका वेळ तुडवताना दाखवायची गरज तेव्हाही नव्हती. पण त्यासाठी अख्खी मालिका मोडीत काढायला मी तयार नाही. अँड्रॉइड १८ ही लढवय्यी तिथेच आहे, एका फटक्यात व्हेजिटासारख्या योद्ध्याचा हात मोडणारी.

शिळोपा
आणि लग्नानंतर ती किती वेळा लढली?

उत्तररात्र
मान्य, फारशी नाही. तरी ची-चीबाबत मी मागे हटत नाही. गोहान पुस्तकांकडे वळला हाच तिचा विजय आहे, तो कोणी बोलून दाखवायची गरज नाही.

शिळोपा
गरज आहे. पिकोलोला मिळाली तशी दोन मिनिटं तिलाही हवी होती.

खडूफळा
जरा वेगळं विचारतो. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला बघायची आहे. झी की काई?

शिळोपा
काई, सेलपर्यंत. सोबत बसा, आणि ची-ची ओरडली की ती का ओरडतेय हे भाचीला विचारा.

काठावरची
आणि गाडी शिकायचा भाग झीमधून वेगळा काढून दाखवा. १२५वा.