मदत हवी आहे: किडनीच्या कॅन्सरवर सुनिटिनिब, एक गाठ आटली, दुसरी वाढली

नमस्कार मंडळी. काकांची डावी किडनी काढली, बायोप्सीत क्लिअर सेल कार्सिनोमा हा किडनीच्या कॅन्सरचा प्रकार आला. फुप्फुसात गाठी असल्याने सुनिटिनिब 50 मिलिग्रॅम सुरू आहे. चार आठवडे गोळी, दोन आठवडे सुट्टी. तळपायांना फोड येतात, बीपी चढतं, ते कसंबसं निभावतोय.

नव्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठी बऱ्याच आटल्यात, पण कमरेच्या हाडातली वाढली आहे. एकाच माणसात असं उलटसुलट कसं?

मला समजलं ते असं: या प्रकारात बहुतेकदा व्हीएचएल जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे गाठ व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) भरमसाट तयार करून नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. गोळी तोच रस्ता अडवते. पण काही पेशी मेट, ॲक्सल अशा प्रथिनांचे दुसरे मार्ग धरतात. कॅबोझँटिनिब ही दुसरी गोळी हे मार्गही अडवते म्हणे. ओपीडीत डॉक्टरांनी दोन मिनिटांत 'बघू पुढच्या स्कॅनला' म्हणून बोळवण केली, ते काही पटलं नाही.

कुणाच्या घरी अशी मिश्र परिस्थिती होती का? गोळी बदलली, इम्युनोथेरपी दिली, की हाडाला फक्त रेडिएशन देऊन तीच गोळी चालू ठेवली? हाडातल्या गाठीची पुन्हा बायोप्सी करायला सांगितलं होतं का? आणि दुसरं मत घ्यायला जाताना ब्लॉक, स्लाइड्स (तपासणीसाठी जपलेले गाठीचे नमुने) सगळं सोबत न्यावं लागतं का? डोस मात्र आम्ही मनाने बदलणार नाही, त्यामुळे काढे-बिढे कृपया सुचवू नका.